मदत हवी आहे: सी प्रोग्रॅममध्ये कमांडची हिस्टरी पुसली जाते

नमस्कार मंडळी. लिनक्सवर सी मध्ये छोटा शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) लिहितोय, ग्नू रीडलाइन ही टाइप केलेल्या ओळी आणि त्यांची हिस्टरी सांभाळणारी लायब्ररी वापरून. सुरुवातीला 'रीड_हिस्टरी'ने फाइल वाचतो, बाहेर पडताना 'राइट_हिस्टरी'ने जतन करतो. एकाच टर्मिनलमध्ये सगळं व्यवस्थित चालतं. पण दोन टर्मिनल उघडी असली की जे शेवटी बंद होतं, तेच आधीची फाइल पुसून स्वतःची यादी लिहितं. काल दिवसभराच्या कमांड अशाच गेल्या, फार वाईट वाटलं.

मग 'अपेंड_हिस्टरी' घेतलं, जे फाइल न पुसता शेवटी नव्या ओळी जोडतं. फाइल आधीपासून नसेल तर ते एरर देतं, म्हणून रिकामी फाइल आधी तयार करतो. आता प्रत्येक कमांडनंतर एकेक ओळ जोडावी, की शेवटी नव्या ओळी मोजून एकदम? आणि 'हिस्टरी_ट्रंकेट_फाइल'ने ५०० ओळींवर छाटताना दुसऱ्या टर्मिनलने लिहिलं तर? 'एफलॉक' (एका वेळी एकालाच फाइल वापरू देणारं कुलूप) लावावं का? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.