मदत हवी आहे : एकाच जागेची तीन मापं, खरं कोणतं?

निशिगंधा_क : स्टीलच्या टेपने ६१.४ सेंमी, शिवणाच्या टेपने ६०.९ आणि मुलाच्या फूटपट्टीने चक्क ६०.२. जागा तीच! दुकानदार उद्या सकाळी कापणार आहे, आज रात्री माप कळवायचंय. कोणतं धरू? प्लीज लवकर सांगा.

भटका_पक्षी : लेझर मीटर घ्या. बटण दाबलं की आकडा. मी घर घेतल्यापासून दुसरं काही वापरत नाही.

करवतकाका : कापणार काय? लाकूड, काच की कापड? आणि माप आतलं की बाहेरचं?

सोनचाफा : पडद्याचं असेल तर रुंदीच्या दुप्पट कापड धरा, चुण्या छान पडतात.

निशिगंधा_क : पडदा नाही ताई. काचेची फळी, स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, दोन भिंतींच्या मधे. टफन्ड काच आहे.

करवतकाका : मग तर घाई नकोच. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की नंतर कापता येत नाही, अख्खीच फुटते. शिवणाची टेप वापरून वापरून ताणली जाते, म्हणून कमी दाखवते. पट्टी भिंतीला कशी टेकवलीत? शून्याच्या आधी कोरी जागा आहे का?

निशिगंधा_क : आहे थोडी, तीन-चार मिमी. पट्टी कडेनेच टेकवली. ३० सेंमीची आहे, पुढे सरकवत मोजलं.

करवतकाका : मग दर वेळी ती कोरी जागा मापातून गळली. ६०.२ सोडून द्या.

मिलिमीटर : स्टीलच्या टेपचा हूक हलतोय का बघा. माझ्या टेपचाही हलायचा, हातोडीने ठोकून घट्ट केला.

करवतकाका : अहो, तसं मुळीच करू नका! तो हूक मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. त्याच्या पत्र्याची जेवढी जाडी, तेवढाच तो सरकतो. फळीच्या कडेला अडकवून ओढलात तर बाहेर येतो, भिंतीला टेकवलात तर आत जातो, म्हणून दोन्हीकडे माप बरोबर मिळतं. तुमचा टेप आता एका बाजूने चुकीचंच सांगणार.

मिलिमीटर : इतकी वर्षं काही बिघडलं नाही माझं.

करवतकाका : निशिगंधाताई, टेप कोपऱ्यात वाकवून वाचलात ना? तिथेच गडबड होते. टेपची डबी दुसऱ्या भिंतीला टेकवा, पट्टी डबीतून निघते तिथला आकडा वाचा आणि डबीची लांबी मिळवा. बऱ्याच डब्यांवर ती छापलेली असते. टेपवर भरवसा नसेल तर दोन सरळ काड्या एकमेकींवर धरून भिंतींपर्यंत सरकवा, जोडावर पेन्सिलीने खूण करा आणि बाहेर आणून मोजा. पुढे, मधे, मागे, तिन्ही ठिकाणी. प्लास्टर कधीच सरळ नसतं.

सोनचाफा : मापांवरून आठवलं, बांगडीच्या २-४, २-६ चा अर्थ काय हो?

भटका_पक्षी : २-४ म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि चार सोळांश, सव्वादोन इंच. २-६ म्हणजे दोन आणि सहा सोळांश.

निशिगंधा_क : काड्यांनी केलं. पुढे ६१.४, मधे ६१.३, मागे ६१.१. पण काचवाला सुतात विचारतोय!

मिलिमीटर : १९५६ ला मेट्रिकचा कायदा झाला तरी सूत काही सुटत नाही. सेंमीच सांगा त्याला.

करवतकाका : काचवाला ज्या भाषेत कापतो त्याच भाषेत सांगावं, नाहीतर तो मनानेच बदलून घेतो. आठ सूत म्हणजे एक इंच. सगळ्यात कमी ६१.१, त्यातून ३ मिमी सोडा, ६०.८. म्हणजे २३ इंच साडेसात सूत. त्याच्या चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून घ्या. आणि फळी कशावर टेकणार, खुंट्यांवर की पट्टीत?

निशिगंधा_क : स्टीलच्या खुंट्यांवर, दोन्हीकडे दोन-दोन. त्या आधीच बसवल्यात.

करवतकाका : खुंट्या भिंतीतून किती बाहेर आल्यात? आणि मागचे कोपरे गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात आहेत का? ते बघितल्याशिवाय फोन करू नका.