मदत हवी आहे: विचारसरणी आणि शिक्षक-प्रशिक्षण
नमस्कार मंडळी, बडोद्यात बी.एड. करतेय, असाइनमेंट मिळालीय की शिक्षणाची विचारसरणी बदलली की शिक्षक घडवायची पद्धत कशी बदलते. नई तालीममध्ये (गांधीजींची कामातून शिक्षणाची योजना, वर्धा, १९३७) हस्तोद्योग मध्यभागी म्हणजे शिक्षकालाच आधी सूत कातता यायला हवं, भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात (लहान मुलांच्या शाळेत) मुलाला न्याहाळणं महत्त्वाचं, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक तिथेच काम करत होत्या, इथवर जमलंय. पण आमच्याकडे थिअरीत २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातला रचनावाद (मूल अनुभवातून स्वतःच ज्ञान रचतं, ही कल्पना) आणि पाठ घेताना मात्र तेच जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या ठरावीक पायऱ्यांचं पाठटाचण (पाठाचा लेखी आराखडा), एक पायरी राहिली की लाल शेरा! हे कसं मांडू? दांडिया बाजारकडे कुणाचे आजी-आजोबा जुन्या अध्यापन मंदिरात (शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत) शिकलेले असतील तर प्लीज सांगा, येऊन बोलेन, गुजरातीतही चालेल.