मदत हवी आहे: सातारा ते प्रतापगड, मुक्काम न करता पायी

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये साताऱ्याहून निघून मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर आणि पुढे आंबेनळी घाटाने प्रतापगड, असं सलग चालायचं ठरवलंय. अंतर साधारण ७५ ते ८० किलोमीटर भरेल. शरीर कुठवर साथ देतं, हे मला एकदा खरंच बघायचंय.

सराव यवतेश्वर-कास रस्त्यावर चालू आहे. कास पठार आणि परत, म्हणजे ५० च्या आसपास, पाय ऐकतात. चढाला दमही टिकतो. अडतं ते उतारावर. यवतेश्वर घाट उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात, अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं आणि ओल्या मोज्यात टाचेला फोड येतो. नखं बारीक कापली, लेस घोट्याजवळ आवळून बांधली, त्याने थोडा फरक पडला. आता अर्धा नंबर मोठे बूट घ्यावेत का? आणि वाटेत फोड आलाच तर तो फोडावा, की नुसती पट्टी लावून चालत राहावं?

खाण्याचं जमलंय, गूळ-शेंगदाणे पुरतात. घामानंतर नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून ओआरएस जवळ ठेवते.

खरी धास्ती पहाटे दोन ते चारची. डोळे मिटायला लागले की वीस मिनिटं आडवं व्हावं, की अंग गार पडून पुन्हा उठवतच नाही? ज्यांनी अख्खी रात्र चालून काढलीये त्यांनी कृपया सांगा. मोठा भाऊ गाडीवर मागे असेल, पण कोणती लक्षणं दिसली की त्याने मला थांबवायचं?