तरुणांना परदेशी शिबिर आणि मिशनला न्यावं का?

तरुणसंघवाली: आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, 14 तरुणांना 10 दिवस परदेशी न्यायचं घाटतंय. आधी शिबिर, मग तिथल्या मंडळीबरोबर मिशन: मुलांसाठी गाणी-खेळ, शाळेची रंगरंगोटी. कमिटीत दोन तट पडलेत. मी नेण्याच्या बाजूची. आपली भाषा कुणाला कळत नाही अशा ठिकाणी उभं राहून साक्ष द्यावी लागली, म्हणजे आपला विश्वास चारचौघांत सांगावा लागला, की पोरांचा विश्वास आईवडिलांकडून उसना घेतलेला राहत नाही. माझं स्वतःचं तसंच झालं.

खजिनदार: रंगरंगोटी! तिथे रंगारी नाहीत का? 1998 च्या मिच वादळानंतर उत्तर अमेरिकेतल्या ख्रिस्ती गटांनी होंडुरासला जाऊन घरं बांधली. कर्ट व्हेर बीक या अभ्यासकाने हिशेब मांडला: एका गटाच्या दौऱ्याचा खर्च सुमारे 30,000 डॉलर, आणि तसंच घर स्थानिक संस्था 2,000 डॉलरच्या आसपास बांधत होती. विमानाच्या तिकिटांत किती घरं उडाली ते मोजा.

तरुणसंघवाली: पण 'घरासाठी पैसे द्या' म्हटलं असतं तर एवढे जमले असते का? माणूस जाऊन आला की पुढे वर्षानुवर्षं देतो.

खजिनदार: तेही त्यांनी तपासलं. जाऊन आलेल्यांच्या देण्यात टिकाऊ वाढ फारशी सापडली नाही. शिबिराला नेताय तर शिबिर म्हणा, माझी हरकत नाही. मिशनच्या नावाने वर्गणी मागू नका.

मागचा बाक: सगळे मत्तय 28:19 काढतात, ‘जा, सर्व राष्ट्रांना शिष्य करा’; बायबलमधल्याच तरुण मार्कची आठवण कुणालाच नाही. पौल आणि बर्णबा या प्रेषितांबरोबर मिशनला निघाला आणि पंफुल्यातून अर्ध्या वाटेवर घरी परतला (प्रेषितांची कृत्ये 13). पुढे बर्णबाने त्याची बाजू घेतली, आणि त्याच्यावरून त्या दोघांचं इतकं बिनसलं की वाटा वेगळ्या झाल्या. आणि शेवटी तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्कला घेऊन ये, मला त्याचा उपयोग आहे. फसलेल्या दौऱ्यातूनही माणूस घडतो. मात्र बर्णबासारखं मागे उभं राहणारं कुणी हवं. तुमच्याकडे परत आल्यानंतरच्या सहा महिन्यांचं काही ठरलंय का? की रविवारी फोटो दाखवले, संपलं?

दोन मुलांची आई: मला तर वेगळीच धास्ती आहे. 2010 मध्ये हैतीच्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या चर्चचे 10 जण 33 मुलांना सरहद्दीपलीकडे नेताना पकडले गेले. हेतू चांगला होता म्हणे, पण कागद नव्हते आणि बहुतेक मुलांचे आईवडील जिवंत होते! आपली पोरं कुणाच्या हाताखाली काम करणार? नेपाळसारख्या देशात धर्मांतर घडवणं गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पर्यटक व्हिसावर साक्ष देत फिरलं तर कुठे काय अंगाशी येईल, याची चौकशी कुणी केलीय? आणि अनाथाश्रमात पोरांना नाचवायला नेणार असाल तर माझं नाव आत्ताच कापा.

तरुणसंघवाली: अनाथाश्रम नाहीच. व्हिसाचं मात्र खरंच कुणी बघितलं नव्हतं, वकिलातीला विचारते. रंगकामही काढून टाकते. तिथल्या पाळकांना आज लिहिलं, तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?

खजिनदार: हे पत्र तिकिटांच्या चौकशीआधी जायला हवं होतं.

तरुणसंघवाली: हो. उत्तर आलं: ‘चौघांना पाठवा, पण महिनाभर. आणि आमच्यातले दोघे तुमच्याकडे येतील.’

खजिनदार: त्या दोघांच्या तिकिटाची पहिली वर्गणी माझी.

मागचा बाक: आणि उरलेल्या दहाजणांना कोण सांगणार?