परीकथेतून होलोकॉस्ट: सातवीतल्या मुलीला काय द्यावं?

कोथरूडकर_आई: लेकीनं ॲन फ्रँकची डायरी वाचली, आता होलोकॉस्टबद्दल, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल, रोज प्रश्न विचारते. परीकथेच्या रूपात काही आहे का? अप्पा बळवंत चौकात विचारलं, नाही मिळालं.

पुस्तकवेडा: जेन योलनचं 'ब्रायर रोज' बघा, १९९२ चं. आजी नातींना झोपलेल्या राजकन्येची गोष्ट सांगत राहते पण तिच्या गोष्टीत राजकन्या सोडून कुणीच जागं होत नाही, आणि पुढे कळतं तो राजवाडा म्हणजे पोलंडमधली खेल्मनोची छळछावणी, जिथं गाडीत कोंडून विषारी वायूनं मारायचे. अंगावर काटा येतो हो! मी तरी नववीच्या आधी देणार नाही.

मेघना_ताई: सहमत. तोवर तिचे प्रश्न टाळू नका, सोबत बसून बोला.