विमानाची भीती आणि सोबत अडीच वर्षांची लेक

नमस्कार मंडळी,

विषय जरा खाजगी आहे, पण लहान मुलांना घेऊन लांबचे प्रवास केलेली बरीच जणं इथे आहेत म्हणून लिहिते. तीन आठवड्यांनी मला लेकीला घेऊन दहा तासांच्या विमानाने जायचंय. ती अडीच वर्षांची आहे. नवरा आठवडाभराने मागून येणार, म्हणजे जाताना आम्ही दोघीच.

मला विमानाची भीती वाटते. पूर्वी मी खिडकीशी डोकं टेकून खुशाल झोपायचे. लेक झाल्यापासून हे सुरू झालं. विमान जरा हललं की हातपाय गार पडतात, घशाला कोरड पडते आणि डोक्यात एकच येतं, हिला मी इथे का आणलं? तिकीट रद्द करावं असं रोज रात्री वाटतं. माझी भीती तिला लागेल, याची तर जास्तच धास्ती आहे. यातून कुणी गेलंय का?

— लेकीची आई

---

> तिकीट रद्द करावं असं रोज रात्री वाटतं.

ताई, रद्द अजिबात करू नका. विमानाइतका सुरक्षित प्रवास दुसरा नाही. निघण्याआधी मुलीला सर्दीचं झोप येणारं औषध द्या, तुम्हीही एखादी गोळी घ्या. दहा तास कसे गेले कळणारही नाही.

---

नमस्कार ताई,

मी यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी औषधाचं. दादांनी आपुलकीने सुचवलंय, पण माझी विनंती आहे की हे करू नका. सर्दी-ॲलर्जीची झोप आणणारी औषधं काही मुलांना उलटी लागू पडतात. झोपायचं सोडून मूल चेकाळतं, रडतं आणि काही केल्या शांत होत नाही. मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. आणि तुमच्या गोळीचं म्हणाल तर तिच्यासोबत मोठं माणूस तुम्ही एकट्याच आहात. विमानात ऑक्सिजनच्या मास्कबद्दल सांगतात ना, ‘आधी आपला मास्क, मग मुलाचा’, ते ऐकून मला पूर्वी राग यायचा. आई असं कसं करेल? मग कारण कळलं. 35,000 फुटांवर केबिनमधला हवेचा दाब गेला, तर हातून काही नीट होण्याइतकी शुद्ध साधारण 30 ते 60 सेकंदच राहते. असं फार क्वचित घडतं, तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण त्या विमानात तुम्ही पूर्ण जाग्या असायला हव्यात.

‘सगळ्यात सुरक्षित प्रवास’ हे खरं आहे आणि मलाही ते पाठ होतं. पण छाती धडधडत असताना आकडे कामाला येत नाहीत. मला खरं कामाला आलं ते आवाज ओळखणं.

माझा मुलगा दोन वर्षांचा होता. विमानाने जमीन सोडली आणि पायाखाली मोठ्ठा ‘धप्प’ आवाज झाला. मी त्याचा हात इतका घट्ट आवळला की तो म्हणाला, “आई, दुखतंय.” हात उघडून बघितला तर इवल्याशा तळव्यावर माझ्या नखांच्या चार लाल खुणा. तोवर तो मजेत खिडकीबाहेर बघत होता. रडला तो माझ्यामुळे.

तो आवाज चाकं आत घेतल्याचा होता. चाकं पोटात जातात, त्यांची दारं बंद होतात. प्रत्येक उड्डाणात हे होतं. मग मी एकेक आवाज शोधून वहीत लिहिला. उडाल्यावर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो आणि विमान खाली चाललंय असं पोटात वाटतं. टेक-ऑफला जास्त जोर लागतो, तो कमी केलेला असतो इतकंच. विमान वरच जात असतं. पंखातून येणारी ‘घर्रर्र’ म्हणजे फ्लॅप, पंखाच्या मागच्या कडेचे सरकते भाग, आत-बाहेर होतायत. उतरल्यावरची मोठी गर्जना म्हणजे वेग कमी करायला इंजिनाचा जोर उलटा वळवलाय. हे माहीत झाल्यावर आवाज तेच राहिले, पण पुढचा आवाज कुठला येणार हे मला आधी कळायला लागलं.

हादऱ्यांचं सांगते. खिडकीतून पंख वरखाली होताना दिसला की जीव जातो, पण तो लवावा असाच बनवलेला असतो. वापरात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो, त्याच्या दीडपट भार सोसल्याशिवाय विमानाच्या सांगाड्याला मान्यता मिळत नाही. पंखांजवळची सीट घ्या, शेपटाकडे हादरे जास्त जाणवतात.

तुमच्या भीतीत एक गोष्ट मात्र अगदी रास्त आहे, ती सोडू नका. हादऱ्यांत इजा होते ती मुख्यतः पट्टा न लावलेल्यांना. दोन वर्षांवरच्या मुलीला स्वतःची सीट असतेच, पण साधा पोटावरचा पट्टा एवढ्या मुलांना ढगळ होतो. 10 ते 20 किलो वजनाच्या मुलांसाठी सीटच्या पाठीला अडकवायचा, खांद्यावरून येणारा मान्यताप्राप्त पट्टा मिळतो. नाहीतर विमानात चालेल असं लिहिलेली कार सीट. दोन्हींपैकी काय चालतं ते विमान कंपनीला आधीच विचारून ठेवा. तिला नीट बांधून बसवलं की निम्मी धास्ती तिथेच उतरते, कारण ‘तिला माझ्या हातांनीच धरून ठेवायचंय’ हे ओझं उरत नाही.

आता तिला भीती लागण्याबद्दल. 1985 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्षभराच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं होतं. काचेखाली साधारण फूटभर खोल खड्डा असल्यासारखं दिसत होतं आणि पलीकडे आई उभी. बोलायचं नाही, फक्त चेहरा. आनंदी चेहरा बघून 19 पैकी 14 बाळं काच ओलांडून आली. घाबरलेला चेहरा बघणाऱ्या 17 पैकी एकही आलं नाही. म्हणजे तुमची काळजी खरी आहे, ती तुमच्या तोंडाकडे बघणारच. पण दहा तास खोटं हसू कुणाला जमत नाही. मी मुलाला सरळ सांगायला लागले, “आईला जरा भीती वाटतेय, म्हणून आई मोठ्ठी फुंकर मारतेय.” मग दोघं फुंकर मारायचो. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. लांब उच्छ्वासाने ठोके खरोखर मंदावतात. आणि त्या वेळी चेहऱ्यालाही काम मिळतं.

कानांचंही लक्षात ठेवा. कान आणि घसा जोडणारी नळी मुलांमध्ये अरुंद आणि आडवी असते. विमान उतरायला लँडिंगच्या साधारण अर्धा तास आधी सुरुवात करतं. झोपेत मूल कमी गिळतं, म्हणून तेव्हा तिला उठवा आणि घोट घोट पाणी पाजा. झोपलेलं मूल उठवणं जिवावर येतं, पण दुखऱ्या कानाने रडत उठण्यापेक्षा बरं.

आणि आत शिरताना केबिन क्रूला सांगून ठेवा की मला भीती वाटते आणि मी एकटी आहे. मला वाटायची ती लाज अनाठायी होती.

— एक मैत्रीण

---

> “आईला जरा भीती वाटतेय, म्हणून आई मोठ्ठी फुंकर मारतेय.”

हे वाचून डोळे भरून आले. पण ‘भीती’ हा शब्द ऐकून ती उलट जास्त घाबरणार नाही का?

— लेकीची आई

---

नुसती ‘भीती’ सांगितली तर घाबरेल. वाक्याचा दुसरा अर्धा सोडायचा नाही. भीती वाटतेय, म्हणून आई काय करतेय, हे लगेच त्याच दमात आलं पाहिजे. आणि ते विमानात पहिल्यांदा नको. आजपासून रोज रात्री झोपताना दोघी फुंकरीचा खेळ खेळा, आवाजांची गोष्ट सांगा. तीन आठवडे भरपूर आहेत. आणि रात्री ते अपघातांचे व्हिडिओ बघत असाल, तर कृपा करून आजपासून बंद करा. मी बघायचे, म्हणून सांगते.

— एक मैत्रीण

---

मंडळी, पोचलो.

भीती गेली नाही, खरं तेच लिहिते. पाचव्या तासाला बराच वेळ हादरे होते, माझे हात थरथरत होते आणि मी रडले. क्रूमधली एक मुलगी येऊन शेजारी टेकून बसली. लेक पट्ट्यात गाढ झोपलेली होती, तिला काही कळलंही नाही.

पण सुरुवातीचं सांगायचंय. जमीन सुटली, पायाखाली ‘धप्प’ झालं आणि माझा श्वास अडकला. लेकीने माझ्याकडे बघितलं, माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, “चाकं झोपली. आई, फुंकर.”

परतीचं विमान पुढच्या महिन्यात आहे. पंखांजवळच्या तीन सीट घेतल्यात.

— लेकीची आई