पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा): एका फाइलीत तोच टॅग दोनदा आला की पहिला शेतकरी गायब होतो (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. पांढरकवड्याकडे कापसाच्या एका जिनिंगात हिशेब पाहतो. वजनकाट्यावरून दर गाडीमागे एक टेक्स्ट फाइल निघते, ओळीला एक टॅग, कोलन, मग व्हॅल्यू. नमुना (नावं काढली आहेत):

गाडी: ट्रॅक्टर
वेळ: १०:४५
शेतकरी: क
ओलावा: ९.५
निव्वळ: १,२४०
शेतकरी: ख
ओलावा: ११
निव्वळ: ८६०

आमच्याकडे एका ट्रॉलीत दोघा-तिघांचा कापूस येतोच. कोलनवर स्प्लिट करून (ओळ तोडून) डिक्शनरीत भरलं, म्हणजे एका टॅगला एकच व्हॅल्यू, तर फक्त 'ख' उरतो. वेळेच्या ओळीवर तर स्क्रिप्टच थांबते. कॉन्फिगपार्सर (सेटिंगच्या फाइली वाचणारं पायथनचं तयार मॉड्यूल) लावून पाहिला: आधी सेक्शनचं नाव नाही म्हणून अडला, ते टाकलं तर टॅग दोनदा आला म्हणून अडला, स्ट्रिक्ट (दोनदा आलेला टॅग अडवणारा पर्याय) बंद केलं तर पुन्हा शेवटचाच शेतकरी. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भावात कपात होते, त्यामुळे ज्याचा ओलावा त्याच्याच चुकाऱ्यात गेला पाहिजे. काय करू?

प्रतिसाद १
वेळेसाठी स्प्लिटऐवजी पार्टिशन वापरा, तो पहिल्याच कोलनवर तोडतो. बाकी, टॅगमागे एक लिस्ट करा अन् व्हॅल्यू जोडत जा. त्यासाठी डिफॉल्टडिक्ट (नव्या टॅगला आपोआप रिकामी लिस्ट देणारी डिक्शनरी) आहेच.

प्रतिसाद २
लिस्टवाला मार्ग नका घेऊ भाऊ. एखाद्या दिवशी 'क'चा ओलावा लिहायचा राहिला तर लिस्ट एक घर सरकते अन् 'ख'चा ओलावा 'क'च्या नावावर चढतो. एररही येत नाही, भांडण मात्र काट्यावर होते. त्यापेक्षा ओळी क्रमानं वाचा. 'शेतकरी' टॅग दिसला की नवी डिक्शनरी उघडून ती लिस्टमध्ये टाका, पुढचे टॅग तिच्यातच भरा. त्याआधीचे गाडी, वेळ वगैरे वेगळ्या डिक्शनरीत. मग ओलावा नसलेला शेतकरी लगेच सापडतो.

धागाकर्ता
जमलं भाऊ, दोघंही आले! आता 'निव्वळ' फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) बदलताना व्हॅल्यूएरर येते. मराठी आकड्यांमुळे का? ओलाव्याला मात्र काही होत नाही.

प्रतिसाद २
मराठी आकडे पायथनला चालतात, ९.५ म्हणूनच गेला. अडतो तो १,२४० मधला स्वल्पविराम. आधी रिप्लेसनं काढून टाका. अन् हिशेब सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली टेक्स्ट फाइल) करून एक्सेलमध्ये उघडणार असाल तर लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, नाहीतर नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसतील.